गल्ल्यावरून

मे उजाडला की आमच्या दुकानात
खिळे, कुलपं, नळाच्या चकत्या मागे सरकतात
आणि दाराशी येतात खोकी.
चपटी, घडी मोडायची बाकी, अजून कुणाचीच नसलेली.
माँट्रियालमध्ये एक जुलैला
निम्मं शहर उरलेल्या निम्म्या शहराच्या घरात राहायला जातं.
करार त्याच दिवशी संपतात, त्याच दिवशी सुरू होतात,
मधे एक ट्रक, आणि तोही भावाच्या मित्राचा.

मी मिरलांद. गल्ल्यावर अकरा वर्षं.
कोण काय उचलतो त्यावरून कळतं
घर केवढं आणि धीर केवढा.

गाएताँ लाफ्रेनियेर एकच टेप नेतो.
"एवढी रग्गड झाली."
दुपारी परत. संध्याकाळी परत.
तिसऱ्या खेपेला टेपच्या आधी खुर्ची मागतो.
घरात मासिकांचे गठ्ठे, सत्तरीच्या दशकापासूनचे,
आणि जिना बाहेरून, लोखंडी, गोगलगाईसारखा वळलेला.
त्याला सांगते: जड ते लहान खोक्यात.
मोठ्यात उशा, रजया, दिव्याच्या टोप्या.
उलटं वाटतं ना?
पाठीला विचारा, ती सांगेल.

बशा उभ्या भरायच्या.
आडवी बशी वरचं ओझं सोसत बसते
आणि शेवटच्या वळणावर तडकते.
वर्तमानपत्राची शाई कपांना लागते, कोरा कागद घ्या,
नाहीतर टॉवेल आहेतच, ते असेही न्यायचेत.
बबल रॅप मुलांच्या हाती देऊ नका.
मोठ्यांच्याही.

एक जोडपं आलं. मार्कर निवडायला पाऊण तास.
एक निळा, एक हिरवा.
"खोल्यांप्रमाणे?" मी सहज विचारलं.
"पत्त्यांप्रमाणे," ती म्हणाली.
तो कात्र्यांकडे बघत राहिला.
मग टेप कापायच्या यंत्रावर दोघांचा हात एकदम पडला,
आणि दोघांनी एकदम काढला.
मी म्हटलं, दुसऱ्यावर आज निम्मी सूट.
सूट नव्हती.
उरलेले सात डॉलर मी माझ्या पाकिटातून गल्ल्यात टाकले.
कुणाला सांगितलं नाही.

आठ आठवडे आधी सुरुवात करा, मी सगळ्यांना सांगते.
आधी बर्फाचे बूट, मग नाताळचं सामान,
मग जे मागल्या घरून आणून उघडलंच नाही ते.
किटली, साबण, पेचकस, एक बल्ब:
हे खोकं सगळ्यात शेवटी चढवा,
म्हणजे सगळ्यात आधी उतरेल.

आणि माझ्या घरमालकाचं पत्र डिसेंबरातच आलंय.
त्याच्या मुलीला जागा हवी. नियमाप्रमाणे सगळं.
मी ते फ्रिजवर लावलं
आणि त्यावर दंतवैद्याची तारीख.
शिंप्याच्या घरी उसवलेल्या कपड्यांना कोण विचारतं?
मालक म्हणतो, तुला खोकी फुकट, हवी तेवढी ने.
रोज म्हणते, उद्या.
उद्यापर्यंत लहान खोकी संपली.

जूनच्या सत्तावीसला कोपरे दबलेली चार मोठी खोकी
बसमधून घरी नेली.
शेजारच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "काय आहे आत?"
"अजून काही नाही."
त्यानं ती गंभीरपणे उचलून बघितली आणि पटल्यासारखी मान हलवली.

रात्री सगळं भरलं, आईचा लाकडी खलबत्ता सोडून.
मोठ्या खोक्यात तो घातला की तळ खाली लोंबे.
लहान कुठून आणू?
मीच विकली, शेवटची बारा, गाएताँला.

एकोणतीसला दुकान बंद करताना तो दारात.
काखेत एक लहान खोकं, रिकामं,
बाजूला त्याच्या अक्षरात: १९७४ ते ७८.
"टाकून दिली," म्हणाला. "जिना बघितला आणि टाकून दिली."
घसा खाकरला.
खोकं माझ्याकडे ढकललं, आणि खिशातून काढल्या
पाच टेप, वेष्टणासकट.
"या परत घेता का?"

पावती लागते, मी म्हटलं.
पावत्या मासिकांत होत्या.

घेतल्या.
वर्षांवर काट मारून मी लिहिलं: स्वयंपाकघर. जड.
आणि तळाला
त्याच्याच टेपच्या दोन पट्ट्या, आडव्या-उभ्या.